सात नंबरचं झाड

दोब्रिलाने उंची मोजायचं यंत्र पुन्हा डोळ्याला लावलं. आकडा तोच आला.

सर्बियातल्या या डोंगरउतारावर काळ्या पाइनची लागवड होती. त्यातली सर्वांत उंच बारा झाडं नंबर घालून राखलेली. दर दहा वर्षांनी त्यांची उंची घ्यायची आणि त्यावरून जमिनीचा कस ठरवायचा. मागची सरासरी चौदा मीटर होती. आताची साडेचौदा.

दहा वर्षांत अर्धा मीटर, म्हणजे जमीन निकस. निकस निघाली तर उतार दगडखाणीला जाणार होता. अहवाल शुक्रवारी द्यायचा होता.

पण हा पाइन वर्षाला फांद्यांचा एकच फेर धरतो. तिने सात नंबरच्या शेंड्यापासून दहा फेर खाली मोजले. अंतर साडेतीन मीटर भरलं, म्हणजे दहा वर्षांपूर्वी हे झाड अकराच मीटरचं असणार. मग तिने सात नंबरचा रंग नखाने खरवडला. दर मोजणीला नंबर नव्याने रंगवतात. तीन थर हवे होते. एकच होता. दोन पावलांवर, सुयांच्या थराखाली, जुना खुंट निघाला.

नंबर रंगवणारा हात एकच, रादोयेचा. निवृत्त वनरक्षक. दोब्रिलाला मोजणी त्यानेच शिकवलेली. गाव त्याला चिका, म्हणजे काका, म्हणे.

संध्याकाळी आपल्या घरी त्याने तिच्यापुढे कॉफी ठेवली.

"खुंट सापडला, चिका."

"कितवा?"

"सातवा."

"बाकीचे अकराही तिथंच आहेत. मागच्या मोजणीनंतरच्या हिवाळ्यात पाऊस पडता पडता गोठला. जी उंच, तीच आधी मोडली."

"मग कळवायचं होतं."

"काय कळवू? पोरासारखी राखली होती. शेजारची बरी दिसली, त्यांना नंबर दिले. वाटलं, दहा वर्षांत गाठतील."

"गाठलं ना. म्हणूनच कागदावर डोंगर वाढायचा थांबलाय."

रादोयेने आपला कप बाजूला सारला. "तुला फेर मोजायला उगाच शिकवलं."

"खरं लिहिलं तर तुमचं नाव येईल."

"आणि नाही लिहिलं तर खाण येईल. कॉफी पी, गार होतेय."

सकाळी ती उतारावर पोचली तेव्हा तो आधीच आला होता. दाताळ्याने सुया ओढून त्याने सातव्यासकट अकरा खुंट उघडे केले होते. प्रत्येकाशेजारी एक काठी रोवलेली. दोब्रिलाने एकेकाचा घेर मोजून वहीत टिपला.

"बर्फाआधीचे आकडे तरी ठेवतील ना?" त्याने विचारलं. "ते खरे आहेत."

ऑफिसात एक खोटी नोंद निघाली की अख्खी वही बाद करतात, हे तिला ठाऊक होतं.

"ठेवा, असं मी लिहीन."

"ते नाही विचारलं मी, पोरी."

तो वळला आणि बारावा खुंट शोधायला लागला.