पूर्ण चौदा दिवस

सकाळचे साडेदहा. हजर सभासद सात. हवेत वीस.

"कोण येतंय काका आता? पहाटे तीनला गणपती पोचवून आलोत सगळे," सेक्रेटरी केदार जांभई दाबत म्हणाला. "अर्धा तास तहकूब टाका. मग आहेत त्यांच्यात उरकू."

दौलतने इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं:

*गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे. अकरा वाजता याच ठिकाणी घेण्यात येईल. त्या वेळी गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.*

ठाकुर्लीच्या या छप्पन्न फ्लॅटच्या सोसायटीत तो एकोणीस वर्षं मॅनेजर होता आणि दर वार्षिक सभेला त्याने हेच वाक्य लिहिलं होतं. लोक येणार नाहीत हे कायद्याने आधीच धरून ठेवलंय, याचं त्याला पहिल्या वर्षी हसू आलं होतं.

खाली पार्किंगमध्ये भाड्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मांडवाचं कापड अजून अर्धं लटकत होतं. कोपऱ्यात, चौदा नंबरच्या पार्किंगमागे, शेंदूर फासलेला गुडघाभर उंचीचा दगड. आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर, नेहमीसारखी, गोदूबाई.

ही जमीन तिच्या सासऱ्याची. भाताचं खाचर होतं. बिल्डरने तीन फ्लॅट दिले, ते आता नातू मितेशच्या नावावर. म्हणजे गोदूबाई सभासद नाही. सभासद नसलेल्याने सभेत बसायचं नाही, बोलायचं तर नाहीच. "सभासद नसलेल्यांनी कृपया बाहेर जावे" हे सुरुवातीला वाचून दाखवायचं काम दौलतचं. तो वाचायचा. ती बसून राहायची. तो पुढचा विषय घ्यायचा.

आजचा सहावा विषय: दुमजली पार्किंग. त्यासाठी तो दगड काढणे.

*

(अर्धा तास. वहीत याची नोंद नसते.)

"दौलत."

"बोला मावशी."

"उद्या तो मशीनवाला येनार?"

"ठराव झाला की येणार. केदारने सांगून ठेवलंय त्याला."

"मितेश बोलतो, आजी, देवीला वर नेऊ, देव्हाऱ्यात ठेवू." गोदूबाईने पदराने तोंड पुसलं. "नेशील कशी रं? ती ठेवलेली नाय. जमिनीतली हाय. बिल्डरनं पाया खोदला तवा पुरुषभर खाली गेला, दगड सरलाच नाय. म्हून तं त्यानं सोडला."

दौलतला हे माहीत होतं. म्हणजे काढणार नव्हते, फोडणार होते.

"मी काय कायमचा ठेवा बोलत नाय," ती म्हणाली. "गाड्या कुठं लावतील लोकं? मना कळतंय. गेल्या साली त्या म्हाताऱ्याची ॲम्ब्युलन्स गेटवर अडकली. पन आता पंधरवड्यात घट बसतील. लग्न होऊन आल्ये तवापासून घट तिच्यापुढंच बसवते. यावर्साचे तेवढे होऊ दे. पुढच्या वर्साला मी नसेन बी."

"मला ठराव करता येत नाही मावशी. मी पगारी माणूस."

"ते बी कळतंय," ती म्हणाली.

तो उठून नोटीस बोर्डापाशी गेला. काम काहीच नव्हतं. तिच्यासमोर बसवेना.

नोटीस त्यानेच टाइप केली होती. तारीख २३ ऑगस्ट. सभा ७ सप्टेंबर. खालच्या उजव्या कोपऱ्यात त्याच्याच हातची पेन्सिल: *ला. २४/८, स. ९.१०.*

ही त्याची सवय. नोटीस कधी लावली ते पेन्सिलने बारीक लिहायचं. बारा वर्षांपूर्वी एका सभासदाने ठाण्याला उपनिबंधकांकडे तक्रार केली होती, नोटीस लावलीच नाही म्हणून. साहेबांनी विचारलं, कधी लावली? दौलतने जुना कागद पुढे केला होता. त्या पेन्सिलीवर सोसायटी सुटली होती.

चोवीस.

शनिवारी, तेवीसला, केदारने सही करून दिली होती. दौलतने कागद पिशवीत टाकला आणि बायकोचे डोळे दाखवायला ठाण्याला गेला. डॉक्टरने थेंब टाकून बसवलं दोन तास. परत येईतो विसरला. रविवारी सकाळी लावला.

त्याने बोटांवर मोजलं. लावल्याचा दिवस धरायचा नाही. सभेचा दिवस धरायचा नाही. मधले पूर्ण चौदा हवेत. पंचवीसपासून एकतीसपर्यंत सात. एक ते सहा, सहा.

तेरा.

पुन्हा मोजलं. तेराच.

अंगठा पेन्सिलीवर टेकला होता. जरा घासला असता तर गेलं असतं.

*

अकरा. हजर सभासद अकरा.

केदार कानात म्हणाला, "काका, सातवा विषय तुमचाच आहे. मॅनेजर ठेवायचा की ॲपवाली कंपनी आणायची. मी तुमच्या बाजूने बोलणार आहे. फक्त सहावा पटकन वाचा."

दौलत उभा राहिला. हातात नोटीस होती, बोर्डावरून काढलेली. पिना खिशात.

"अध्यक्षांच्या परवानगीने," तो म्हणाला. "ही सभा घेता येणार नाही."

अध्यक्ष नीरजाताई, बँकेतून निवृत्त झालेल्या, चष्मा वर करून म्हणाल्या, "म्हणजे?"

"नोटीस एक दिवस उशिरा लागली. माझ्याकडून. तेराच दिवस होतात."



"नोटिशीवर तेवीसच आहे की," केदार म्हणाला.

"टाइप तेवीस आहे. लावली चोवीसला. हे बघा, खाली."

केदारने कागद डोळ्यांजवळ नेला. "अहो, ही पेन्सिल आहे. कोण बघतंय?"

"खोडून टाका ना काका," मितेश मागून म्हणाला. "एक दिवसाने काय फरक पडतो यार? कोण जाणारे तक्रार करायला?"

कुणीच दाराकडे पाहिलं नाही. गोदूबाई हात मांडीवर ठेवून बसली होती.

"तक्रार कुणीही करू शकतं," नीरजाताई म्हणाल्या. "उद्या दगड फोडल्यावर कुणी गेलं आणि ठराव पडला, तर दगड जोडणार कोण? आणि आता अकरा माणसांनी हे ऐकलंय." त्यांनी दौलतकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "एकोणीस वर्षांत एकदाही नाही. आणि नेमकं आज?"

"हो," दौलत म्हणाला.

"मग एकवीसला घेऊ," केदार म्हणाला. "रविवार आहे."

"आज लावली तरी एकवीसपर्यंत तेराच होतात."

कुणीतरी खो खो हसलं. केदार हसला नाही. "म्हणजे अठ्ठावीस," तो म्हणाला. "कायद्याने वार्षिक सभा तीस सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, म्हणजे शेवटचा रविवार." तो हळू आवाजात पुढे म्हणाला, "काका, आता सातव्या विषयाला मी काय बोलू? लोक म्हणतील, ॲप दिवस तरी नीट मोजतं."

"बरोबर आहे त्यांचं."

"तुम्ही गप्प बसला असता तर…"

"हो."

खुर्च्या सरकल्या. मितेश आजीजवळ थांबला, मग मोबाइल काढून बाहेर गेला.

*

नवी नोटीस दौलतने केबिनमध्ये टाइप केली. नीरजाताईंनी सांगितलं तसा सातवा विषय स्पष्ट शब्दांत घातला: *व्यवस्थापकाची सेवा समाप्त करून काम कंपनीकडे सोपवणे.* केदारने खाली न बघता सही केली. खिशातल्या त्याच चार पिनांनी दौलतने कागद बोर्डावर लावला आणि कोपऱ्यात लिहिलं: *ला. ७/९, दु. १२.०५.*

गोदूबाई मागे उभी होती. तिला वाचता येत नव्हतं.

"कवा?"

"अठ्ठावीस. मशीन एकोणतीसला येईल."

"घट बावीसला." तिने बोटांची पेरं मोजली. पुन्हा मोजली, तशीच, जशी त्याने मोजली होती. "सात माळा होतील."

"नऊ नाही होणार मावशी."

"सात तं सात," ती म्हणाली आणि काठी टेकत दगडाकडे गेली. मांडवाच्या दोरीचा तुकडा त्यावर पडला होता तो तिने उचलून बाजूला टाकला.

दौलत वही उघडून बसला. चूक कुणाची, का, किती दिवस कमी पडले, सगळं एका परिच्छेदात लिहिलं. मग उपस्थितीच्या पानावर गेला. अकरा नावं होती. त्याखाली रेघ मारलेली. त्याने रेघेखाली, पेनने, लिहिलं:

*सभासद नसलेल्या: एक. श्रीमती गोदूबाई. दाराजवळची खुर्ची. पहिल्या सभेपासून.*