केसाएवढी फट

गाड्यांच्या काचांवर फिल्म लावण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असं धाकटीचं मत होतं, आणि बारा वर्षांच्या कामानंतर ते फारसं खोटंही नव्हतं. पण त्या रविवारी सकाळी ताईच्या अंगणातल्या शेडखाली गाडीवरचं कापड काढताना ती एरवीसारखी गाणं गुणगुणत नव्हती.

गाडी ताईची, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची. वीस वर्षं ताईने लोकांना गाडी चालवायला शिकवलं. तिच्या खणखणीत आवाजाला घाबरूनच अर्धं गाव ब्रेक नीट दाबायला शिकलं, असं म्हणत. तीन वर्षांपूर्वी तिला त्वचेचा आजार जडला. ऊन लागलं की अंगभर फोड यायचे, ताप भरायचा. काचेतून आलेलं ऊनही सोसत नसे. तेव्हापासून ताई जाड पडद्यांच्या आत आणि गाडी कापडाखाली.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मार्ग सांगितला. घातक किरण अडवणारी पारदर्शक फिल्म सगळ्या काचांना लावली, तर ताई दिवसासुद्धा गाडीत बसू शकेल. "पण कडेला केसाएवढीही फट नको," त्यांनी बजावलं होतं, "नाहीतर तेवढ्याच रेघेतून ऊन आत येईल." किरण मोजायचं एक छोटं यंत्रही त्यांनी दिलं. ते आता भावजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या गळ्यात लोंबत होतं. सकाळपासून ते सगळ्या घरात मोजमाप करत हिंडत होते. फ्रिजमध्ये शून्य आहे, एवढा शोध त्यांनी लावला होता.

खरी गोम फिल्ममध्ये नव्हती, काचेभोवतीच्या रबरी पट्टीत होती. एरवी फिल्म पट्टीच्या जरा अलीकडे कापली की काम संपलं. उजेडाची बारीक रेघ राहते, पण गिऱ्हाईक कशाला बघतंय? इथे फिल्म पट्टीच्या आत शिरायला हवी होती. आणि पट्ट्या तर वाळून खारकेसारख्या झालेल्या. त्यातून गाडीचं मॉडेल बंद पडलेलं. एखादी तुटली, तर नवी मिळणं मुश्कील.

धाकटीने साबणाच्या कोमट पाण्यात फडकी भिजवून पट्ट्यांवर दाबून बसवली. अर्ध्या तासाने बोटाने चाचपलं. रबर जरा नरमलं होतं. मग दारांची आतली फळी सोडवली, काचेच्या बुडाशी असलेली पट्टी अलगद उचलून काढली, काच खाली घेऊन वरची कड बसवली, काच वर घेऊन खालची. पाणी निपटून काढलं, पट्टी परत दाबली. टक्! पहिलं दार झालं. मग दुसरं, तिसरं, चौथं. तिचे हात आता नाचत होते.

"कसं चाललंय?" घरातून ताईचा आवाज आला.

"लोण्यातून सुरी!" धाकटी ओरडली.

म्हणतात ना, बोलाफुलाला गाठ पडते, पण इथे उलटीच पडली. मागच्या दाराशेजारी एक तिकोनी काच होती. ती वरखाली होत नसे, रबराने तिला चहूबाजूंनी घट्ट धरलेलं. धाकटीने प्लॅस्टिकची चपटी पट्टी रबराच्या ओठाखाली सरकवली, किंचित उचलली आणि कर्र करून कोपरा नखाएवढा फाटला.

तिने वर भावजींकडे पाहिलं. भावजींनी वाकून बघितलं आणि यंत्र शर्टात लपवलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताई! दहा पावलांवर बसून फोन करत होती.

"काय झालं? आवाज का बंद झाला तुमचा?"

"कोपरा फाटला गं ताई. आणखी उचलायला गेले तर सगळंच जाईल."

"मग उचलू नकोस ना! हात काढ. आधी पाणी पी."

"पाण्याने काय होणारे?"

"डोकं थंड होईल. मला सांग, त्या रबराचा ओठ आतून पोकळ आहे का? पायजम्याच्या नेफ्यासारखा?"

"तसाच आहे."

"मग नेफा उचकटतेस कशाला, बाई? नाडी घाल!"

धाकटी इतक्या जोरात "ताई!" म्हणून किंचाळली, की फोनची गरजच उरली नाही. एका जागी जोर लावला की रबर फाटतं. आत सगळीकडून दोरी भरत गेलं, तर ओठ सारखा वर उभा राहील.

"भावजी, नाडी!"

"माझाच पायजमा का?" म्हणत भावजी आत पळाले आणि नाडी ओढतच बाहेर आले.

फाटका कोपरा सोडून तिने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. साबणाच्या पाण्यात बुचकळलेली नाडी बोटभर, बोटभर आत दाबत गेली. मागोमाग रबर शर्टाच्या कॉलरसारखं उभं राहत गेलं. फाटक्या जागी पोचल्यावर तिने श्वास रोखला. नाडी आत गेली. कर्र झालं नाही! फिल्म सरकवली, पाणी निपटलं, आणि नाडीचं टोक धरून हळूहळू ओढायला लागली. नाडी बाहेर येत होती आणि रबराचा ओठ फिल्मवर आपसूक मिटत होता. फाटलेल्या नखाएवढ्या जागी तिने काळा चिकट मसाला भरला आणि वाळेपर्यंत अंगठा दाबून उभी राहिली. मग पलीकडची तिकोनी काच तशीच नाडीने, आणि पुढच्या-मागच्या मोठ्या काचा झाल्या. शेवटी तिने दारांच्या फळ्या परत बसवल्या.

दुपारी गाडी उन्हात काढली. भावजी दारं लावून आत बसले. यंत्र कडेकडेने फिरवू लागले. "शून्य... शून्य... शून्य..." तिकोनी काचेपाशी त्यांनी यंत्र दोनदा फिरवलं. "शून्य! अगं शून्य आहे!" परीक्षेत शून्य मिळाल्याचा एवढा आनंद जगात कुणाला झाला नसेल.

ताई बाहेर आली ती डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली, हातमोजे, गॉगल, वर छत्री. चालकाच्या जागेवर बसली, दार लावलं. सावकाश हातमोजे काढले, स्कार्फ सोडला. ऊन तिच्या उघड्या मनगटावर पडलं. ती बघत राहिली. धाकटी शेजारी बसली होती आणि भावजी मागे.

"उबदार आहे गं," ताई म्हणाली. एवढंच. मग नाक ओढून तिने किल्ली फिरवली. "पट्टा लावा दोघं. माझ्या गाडीत लाड नाहीत."

गाडी फाटकातून बाहेर पडली. दोन चौक ताईने सावकाश पार केले. दुकानं, झाडं, सायकलवाले, सगळं डोळ्यांनी पीत होती. तिसऱ्या चौकात समोरच्या एकाने हात न दाखवता गाडी वळवली. ताईचा हात सवयीने काचेच्या हँडलकडे गेला.

"काच नको!" दोघं एकदम ओरडले.

"बरं बरं," ताई म्हणाली आणि बंद काचेआडूनच त्याला असा काही दम भरला, की त्या बिचाऱ्याने खरोखरच गाडी कडेला घेतली.