सुगंधाबाईंनी रस्ता तपासला

"मान काय सारखी मागे फिरवतंस गो? समोर बघ," सुगंधाबाईंनी नातीला दटावलं.

दहा वर्षांच्या रुचिराने मान समोर वळवली. सोमवारपासून तिची शाळेची व्हॅन बंद होणार होती. जोगेश्वरीतला हा पंधरा मिनिटांचा रस्ता तिने एकटीने चालायचा, नाहीतर तिला पोचवण्यासाठी तिच्या आईने, श्वेताने, नर्सिंग होममधली नोकरी सोडायची. रस्त्याला फुटपाथ नव्हता. आठवडाभर घरात तेच पेटलं होतं. शेवटी सुगंधाबाईंनी सुनेला सुनावलं की तुला रस्त्यातलं काय कळतं, तीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मी इथे फिरले. मी चालून बघते, मग घरात कुणी तोंड उघडायचं नाही.

शाळेत त्या दुसरीपुढे गेल्या नव्हत्या. पण गाडीला पाठ दाखवायची नाही, उजव्या कडेने येणाऱ्या चाकांसमोर चालायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

गॅरेजपाशी दुचाक्यांनी कड अडवली होती. समोरून टँकर आला. सुगंधाबाई थांबल्या, नजर चाकांवर रोखून. तो गेल्यावर, 'घाई करणाराच मरतो' असं नातीला बजावत त्या रस्त्यात उतरल्या, आणि रुचिराने त्यांचा दंड धरून अशी ओढ दिली की त्या उभ्या दुचाकीवर आपटल्या. उलट्या बाजूने, पाठीमागून आलेली पार्सलवाल्याची विजेवरची स्कूटर त्यांच्या पदराला घासून गेली.

"आवाज तरी करूक होयो मेल्यान."

"दोनदा हॉर्न मारला त्याने, आजी."

तोंडात आलेली शिवी सुगंधाबाईंनी गिळली. रुचिरा प्रत्येक अडचणीपाशी थांबे, पुढे बघे, मागे बघे, मग उतरे. त्या तिच्या पाठून चालत राहिल्या.

श्वेता दारातच उभी होती. राजीनामा तिने लिहूनच ठेवला होता. सासूचं सोललेलं कोपर दिसताच तिचा चेहरा पडला. लेकीला कुठे लागलं नाही ना, एवढंच तिने विचारलं.

सुगंधाबाई घटाघटा पाणी प्यायल्या. तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला.

"सोमवारपासून तिका एकटीक जाऊ दे."

"आणि आई, हे कोपर?"

"पोर नीट चालता. माझ्याबरोबर मात्र धाडू नको."

आणि कधी नव्हे तो, हळद लावायला त्यांनी हात सुनेपुढे धरला.