वेंडेलची मूठ

वडिलांनी आयुष्यातलं शेवटचं रिव्हॉल्व्हर केलं ते माझ्या सोडलेल्या नवऱ्यासाठी. माझ्यासाठी नाही. हे मी शांतपणे सांगतेय असं कुणाला वाटत असेल, तर तो गैरसमज आहे.

आमचं दुकान म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. मोंटानात, बिटररूट नदीच्या काठी, अशा शेडी पुष्कळ आहेत. पण पप्पांच्या, म्हणजे हॅल्व्हर लुंडीनच्या, हातचं रिव्हॉल्व्हर मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबतात. नवीन माणूस आला की पप्पा नावसुद्धा विचारत नाहीत. पहिला प्रश्न, "गोळी कुठली आणि नळी केवढी?" मग कारखान्यातलं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं, त्याचं चक्र काढून टाकायचं आणि तिथे स्वतः कातलेलं पाच घरांचं चक्र बसवायचं. अंगठ्याएवढी गोळी झेलायची तर घरांच्या भिंती जाड लागतात, सहावं घर मावत नाही. अस्वलांच्या रानात हिंडणाऱ्यांना असलंच हत्यार लागतं. पोलादाचं काम पप्पांचं, मुठीचं माझं. गिऱ्हाइकाच्या हाताचं माप घेऊन, कानशीने घासून घासून मूठ त्याच्या तळव्यात बसवायची, हे मी लग्नाच्या आधीपासून करत आलेय.

यंदा बर्फ वितळताना पप्पांनी सांगून टाकलं, "हे एक करतो आणि शेड बंद." त्यांचे हात थरथरायला लागले होते. कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी वाटलं की शेवटचं माझं. दुसऱ्या कुणाचं असणार? नंबर लावायचा तो परक्यांनी.

"कुणाचा नंबर आहे?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"वेंडेलचा."

"कोण वेंडेल?"

"किती वेंडेल ओळखतेस तू?"

"पप्पा, त्याने नंबर लावला तेव्हा तो तुमचा जावई होता!"

"नंबर जावयाचा नव्हता, वेंडेलचा होता. लागला की लागला."

या वेंडेल क्राउचला मागायची लाज म्हणून नाही. मला मागणी घातली ती आमच्या स्वयंपाकघरात, हकलबेरीचा केक खाता खाता. घटस्फोट मागितला तोही त्याच टेबलावर, आणि वर विचारलं, "अजून एक तुकडा आहे का गं?" लोकांना हा मोकळा स्वभाव वाटतो. पप्पांना तर त्याचं फारच कौतुक. मागितल्यावर मी त्याला सोडला, पण पप्पांनी काही सोडला नाही. दर शनिवारी हा दत्त म्हणून हजर, आणि दोघं कॉफी पीत एल्क हरणांच्या शिकारीच्या गप्पा मारत बसणार.

त्या शनिवारी तो काखेत शिंग घेऊन आला. डोंगरी मेंढ्याचं, पूर्ण वळलेलं. तो मेंढा माझा होता. त्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघायला अख्खा जन्म जातो, तो माझ्या नावाने निघाला. डोंगर मी चढले, गोळी मी झाडली, वेंडेल खाली खेचर धरून उभा होता. तरी घटस्फोटाच्या वाटणीत त्याने एक शिंग मागितलं आणि मी रागाच्या भरात "ने" म्हणाले.

"सिग्ने, याची मूठ होईल ना?"

"माझ्या मेंढ्याची?"

"माझ्या शिंगाची," तो म्हणाला, आणि पप्पा खो खो हसले. कित्येक दिवसांत ते असे हसले नव्हते. तेवढं एक हसू मला पुरलं. मी आतून पेटले.

"माप घे त्याच्या हाताचं," पप्पा म्हणाले.

"कशाला? तो हात मला चांगला माहितीये."

उन्हाळाभर दोघं लेथवर वाकून बसायचे. पप्पांचा हात हलला की वेंडेल वरून आपला पंजा ठेवून तो स्थिर करायचा. चक्र फिरताना टिक कशी ऐकायची, घोडा मागे ओढताना चक्र कुठे थांबायला हवं, सगळं पप्पा त्याला समजावून सांगत. मला त्यांनी कधी एवढं सांगितलं नव्हतं. बहुतेक मला येतं असं धरून चालले होते. मी त्यांच्याकडे पाठ करून शिंग घासत बसे आणि कान मात्र तिकडे. असूया म्हणतात ती हीच. जेवण गोड लागत नव्हतं.

मुठीचं काम असं असतं: घासायचं, हातात धरून बघायचं, परत घासायचं. धरायला हात माझाच. वेंडेलचा पंजा फावड्यासारखा, माझा हात अरुंद, बोटं लांब. एरवी हा फरक मनात धरूनच मी घासते. एका दुपारी मूठ माझ्या तळव्यात अशी बसली की मी डोळे मिटून घेतले. तेव्हा कळलं की ही वेंडेलची मूठ नव्हे. कळूनही मी कानस खाली ठेवली नाही. उलट चांगलं चकचकीत पॉलिश केलं. वेंडेल मधे एकदा धरून बघायला आला तर म्हटलं, "हात लावू नकोस, ओलं आहे."

एल्कचा मोसम सुरू व्हायच्या आधी आम्ही तिघं नदीकाठच्या वाळूच्या उंचवट्यापाशी गेलो. पप्पांनी बोटांनी गोळी भरायचा प्रयत्न केला, ती वाळूत पडली. मग वेंडेलने भरली. त्याने नेम धरला, चाप ओढला, आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला आणि त्याच्या पाठोपाठ वेंडेलची शिवी. झटक्याने रिव्हॉल्व्हर त्याच्या पंजात फिरलं होतं आणि चापाभोवतीच्या कडीने त्याच्या मधल्या बोटाचं पेर फोडलं होतं. रक्त मनगटापर्यंत आलं. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

पप्पांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, चक्र वेंडेलकडून रिकामं करून घेतलं आणि मुठीवरून अंगठा फिरवला. मग माझा उजवा हात ओढून ते माझ्या हातात दिलं. बोटं आपोआप जागच्या जागी गेली. तसूभरही फट नाही.

"कुणाची मूठ आहे ही, सिग्ने?"

मी मूठ सोडली नाही.

वेंडेल बोट चोखत म्हणाला, "अगं, पाहिजे होतं तर मागायचंस ना!"

"तुझ्याकडे मागू?"

"माझ्याकडे कशाला? यांच्याकडे."

"मला वाटलं हिला नकोच आहे," पप्पा नदीकडे बघत म्हणाले. "इतके लोक येऊन मागून गेले, ही इथेच बसलेली, कधी तोंडातून शब्द नाही. दर वर्षी वाटायचं, यंदा मागेल."

"मुलीने मागायचं असतं होय?"

"मला काय माहीत? मला मागणाऱ्यांचीच सवय."

"मग आता मागते. मला एक करून द्या, पप्पा." माझा आवाज लहान पोरीसारखा निघाला आणि वेंडेलसमोर निघाला, याची मला भयंकर लाज वाटली.

पप्पांनी दोन्ही हात पुढे केले, पालथे. आम्ही तिघंही त्या हातांकडे बघत राहिलो. ते काही थांबेनात. शेवटी त्यांनी ते कोटाच्या खिशात घातले.

वेंडेल म्हणेल, "घे, तूच ठेव," असं मला क्षणभर वाटलं. पण देणं हा त्याचा प्रांत नाही. बोटाला रुमाल गुंडाळत तो म्हणाला, "मग माझ्या मुठीचं काय?"

त्याच्या शिंगाचा उरलेला भाग भेगाळलेला होता, त्यातून मुठीच्या दोन फाकांची दुसरी जोडी निघेना. घरी येऊन मी भिंतीवरचं माझं शिंग उतरवलं आणि करवतीखाली धरलं. पप्पा दारात उभे होते. नको म्हणाले नाहीत. या वेळी वेंडेलच्या हाताचं माप नीट घेतलं, फुटलेल्या पेरासकट. पुढच्या शनिवारी त्याने वाळूत पाच गोळ्या झाडल्या, पाचही एका बशीत मावतील अशा. पप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या.

पहिली मूठ माझ्याकडे राहिली. ती त्या एकाच रिव्हॉल्व्हरच्या पोलादाबरोबर घासलेली, दुसऱ्या कशावर बसायची नाही. चमच्यांच्या खणात टाकून दिली. परवा पप्पा कॉफी ढवळायला चमचा शोधत होते, तर शिंगाचे ते दोन तुकडे त्यांच्या हाती लागले. ते खुर्चीवर बसले, दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून धरले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"गोळी कुठली आणि नळी केवढी?"

"चारशे पंचाहत्तरची," मी म्हणाले. आठवावं लागलं नाही. "नळी साडेपाच इंची. नेम धरायची पुढची माशी जरा उंच. आणि चकाकी नको, काळपट."

त्यांनी मान डोलावली.

"चांगलं झालं असतं," म्हणाले, आणि चमचा मागितला.