कमरेवरचा कलश

दिनेशला न चालणाऱ्या पैशांचा नाद होता. चालणारे पैसे त्याच्या खिशात टिकत नसत. पण कुणाच्या जन्मशताब्दीला निघालेलं नाणं, कुठल्याशा रेल्वेपुलाच्या आठवणीत पाडलेलं चांदीचं पदक, असलं काही हाती लागलं की ते मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात जायचं. तो खांडबाऱ्याच्या शाळेत मास्तर होता. गाडीत बसला की मुंबईच्या लिलावांचे कॅटलॉग फोनवर चाळत जायचा. घेणं क्वचितच, बघणंच जास्त.

"जवाई, जो पैसा बजारमा चालत नही, तोच बरा गोया करतस तुम्ही," मंगलाबाई त्याला चिडवायची.

मंगलाबाई म्हणजे त्याच्या बायकोची, शीलाची, माय. शीलाच्या तान्ह्या चिमीला दात येत होते, रात्रंदिवस किरकिर चालली होती, म्हणून ती तापीकाठच्या गावाहून नंदुरबारला लेकीकडे येऊन राहिली होती.

त्या रविवारी दुपारी शीला चिमीला पाजत बसली होती. दिनेशने फोन तिच्यासमोर धरला.

"ए, हाई देख. आपला खान्देशनी देवी इकाले निंघी."

शीलाने तिरप्या नजरेने पाहिलं. काळ्या मखमलीवर अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा होता. त्यावर उभी बाई, घेरदार लुगडं, पायात तोडे. चेहरा मात्र सपाट, झिजून गुळगुळीत झालेला. खाली लिहिलं होतं: देवीचा टाक. चांदी. खान्देश. डाव्या कमरेवर कलश.

चिमीने पिणं थांबवून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"हाई देवी नही," शीला म्हणाली.

"मंग कोन शे?"

"मन्ही माय."

शीला रांगत असताना तिची जन्मदाती, धनुबाई, तापाने गेली. बाप दोधू पाटील, म्हणजे आबा, शेती करणारा, घरात रांगतं लेकरू. वर्षाच्या आत मंगलाबाई आली. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा, ही त्यांच्याकडची रीत. मेलेली सवत तशी गळ्यात बांधून घेतली की तिची आस संसारात घुटमळत नाही, असं म्हणतात. आबांनी तो टाक नंदुरबारच्या दाऊदचाचांकडून करून घेतला होता. टाक ठशावर ठोकतात. ठसा एकच, म्हणून मेलेली बाई कुणीही असो, नाकडोळे सगळ्यांचे सारखेच उमटायचे. पण आबा दुकानात बसल्या बसल्या बोलून गेले, "तिनी एक पोर शे, एवढीशी." ठोकून झालेला टाक दाऊदचाचांनी पुन्हा विस्तवाजवळ नेला आणि बाईच्या डाव्या कमरेवर चांदीचा एक मणी बसवून दिला. मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा.

ती शीला होती.

लहानपणी मंगलाबाईच्या मांडीवर पडून ती त्या मण्यावरून बोट फिरवायची. "हाई कोन?" माय विचारायची. "मी!" आणि मग दोघी हसायच्या. जन्मदात्या आईचं दुसरं काही उरलंच नव्हतं. लग्नातला एकुलता एक फोटो होता, त्यात आईने मान इतकी खाली घातलेली की पदर आणि मुंडावळ्याच दिसत.

मंगलाबाई त्या टाकाला मोठीबाई म्हणायची. अंघोळ झाली की आधी मोठीबाईला हळद, मग स्वतःला कुंकू. नवं लुगडं आलं तर घडी आधी टाकाला लावायची. "मोठीबाई, तू नेस, मंग मी नेसस." मोठीबाईवर रुसायचीही. आबांशी भांडण झालं की टाक मुठीत धरून म्हणायची, "तूच संभाय आते. तुन्हाच नवरा शे."

गेल्या वर्षी आबा वारले, तेव्हा शीला चिंचपाड्याच्या दवाखान्यात बाळंतपणाला होती. नवरा गेला की सवतपण संपतं. म्हणून मंगलाबाईने रीतीप्रमाणे टाक गळ्यातून काढला आणि आबांच्या राखेबरोबर प्रकाशा गावी तापीच्या संगमात सोडला. चिमीला घेऊन शीला माहेरी गेली, तेव्हा तिची नजर आधी मायच्या गळ्याकडेच गेली. मंगळसूत्र नसणार, हे मनाशी धरलेलं होतं. पण त्याखाली, टाक असायचा तिथे, गोऱ्या कातडीचा अंगठ्याएवढा डाग होता. तरी तो विषय तिने वर्षभर काढला नाही.

स्वयंपाकघरात मंगलाबाई मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. दिनेशने फोन दाखवला, तसे तिने तिखट हात लांब धरले आणि मान पुढे केली. मग मनगटानेच पदर डोक्यावर ओढून घेतला.

"मोठीबाई!" ती पुटपुटली. "हाई आठे कशी उनी? मी सोता सोडी उनू नं तिले!"

"पाणी आटनं का लोक रेती चाळतस, माय," दिनेश म्हणाला. "नाणं, चांदी, जे सापडी ते इकतस. फिरत फिरत गई व्हई मुंबईले."

"आपन लिलावमा घेऊत," शीला म्हणाली. "परत आनूत."

"नको, बेटा. पाणीमा सोडेल माणूस परत घर आनतस नहीत."

"तू सोडी! मीन नही सोडी!" शीलाचा आवाज चढला. "माले इचारं का तून? मी तठे खाटवर पडेल, आन् तून परभारे मन्ही माय पाणीमा टाकी दिधी. माले एक डाव दाखाडी तरी ऱ्हातीस."

मंगलाबाईने एक मिरची उचलली, देठ खुडला, ती परडीत टाकली. दुसरी उचलली.

"तू ओली बायंतीन. तुले पाणीजवळ कशी बलावतू?" ती म्हणाली. "आन् दाखाडतू काय? तिले तोंडच कोठे ऱ्हायनं व्हतं. मन्हाच हातखाले पुसाई गया तिना चेहरा. हयद लाई लाई."

दुसऱ्या दिवशी शीलाने लिलाववाल्यांना फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, गोड बोलणारी.

"मॅडम, विकणाऱ्याचं नाव आम्हाला सांगता येत नाही."

"पण ते आमचं आहे."

"चोरीला गेलं होतं का?"

हो म्हणण्याचा अवकाश, विक्री थांबली असती. शीलाला ते कळत होतं. जिभेच्या टोकापर्यंत आलंही. पण मायने ज्याला हात जोडून निरोप दिला, त्याला चोरी कसं म्हणायचं?

"नाही. पाण्यात सोडलं होतं."

"म्हणजे तुम्हीच सोडून दिलं होतं ना, मॅडम?"

शीला फोन ठेवणारच होती, पण राहवलं नाही.

"आणि तो कलश नाहीये."

"काय?"

"कमरेवर तुम्ही कलश लिहिलंय. तो कलश नाही. ती मी आहे."

मुलीचा आवाज बदलला. खरोखरच हळवा झाला. "मॅडम, हे सगळं मला लिहून पाठवाल का? मी सरांना दाखवते."

शीलाने लिहिलं. चिमीला मांडीवर घेऊन, एका अंगठ्याने, वरणाच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, चिमी झोपली की पुढचं, उठली की तिथेच सोडून. दाऊदचाचांचा मणी लिहिला. नव्या लुगड्याची घडी लिहिली. "हाई कोन?" "मी!" तेसुद्धा लिहिलं. आईबद्दल इतकं ती जन्मात कुणाशी बोलली नव्हती. वाचून कुणाचंही मन द्रवेल, असं तिला वाटलं. शेवटी तिने लिहिलं, तुम्हाला पटलं तर ते लिलावातून काढून ठेवा, आम्ही योग्य मोल देऊन घेऊन जाऊ.

उत्तरात हात जोडल्याची दोन चित्रं आली. मन द्रवलं होतंच.

त्या आठवड्यात कॅटलॉग बदलला. दिनेशने गाडीत वाचला, आणि घरी आल्यावर चपला न काढता दारातच उभा राहिला.

"शीला, तून त्यास्ले काय काय सांगं?"

"खरं व्हतं तेच."

त्याने फोन तिच्या हातात दिला. देवी हा शब्द गेला होता. सवतीचा टाक, अतिशय दुर्मीळ, असं ठळक अक्षरांत आलं होतं. पुढे लिहिलं होतं: कमरेवर कलश नसून मृत स्त्रीची तान्ही मुलगी. ही मुलगी हयात असून माहिती तिच्याकडूनच मिळाली आहे. चेहरा सवतीच्या रोजच्या हळदीने झिजलेला.

एकही शब्द खोटा नव्हता.

"देवीस्ना टाक त्या लोकेस्नाकडे परातभर शेतीन," दिनेश हळूच म्हणाला. "आसा कोनाकडेच नही. आते लिलावमा मोठला मोठला उतरतीन."

कलशच राहू दिला असता, तर एखाद्या वेळी कुणी लक्षही दिलं नसतं. मी आहे, मी आहे, म्हणून शीलानेच हात वर केला होता.

लिलावाच्या दुपारपर्यंत दिनेशने आपलं सगळं कपाट रिकामं केलं. नाणी विकून टाकली होती, रेल्वेपुलाचं पदकसुद्धा. "न चालणारा पैसा आज चालाडूत, माय," तो मंगलाबाईला म्हणाला. पण हसलं कुणीच नाही. फोन उशीला टेकवून मध्ये ठेवला. मिरचीबाजाराकडून वारा येत होता, चिमी झोपेतच शिंकली. मंगलाबाई नको नको म्हणणारी, पण तीही येऊन बसली होती. डोक्यावर पदर, हात जोडलेले, ओठ हलत होते. काय म्हणत होती ते शीलाला ऐकू आलं. "ये वं मोठीबाई. पोर बलाई ऱ्हायनी. मी काय म्हनत नही आते. ये."

मखमलीवरचा टाक पडद्यावर आला. शीलाने बोली लावली. आकडा लगेच पुढे सरकला. तिने पुन्हा लावली, तो पुन्हा सरकला, जणू पलीकडे कुणी माणूस नव्हतंच, नुसतं पाणी चढत होतं. तिने दिनेशकडे पाहिलं. त्याने मान हलवली, लाव. तिने शेवटची लावली. तीही बुडाली. मग आकडा त्यांच्या आवाक्याबाहेर वाढत गेला, आणि कुणीतरी अनोळखी घेऊन गेलं. पडद्यावर लगेच दुसरी वस्तू आली, एक अत्तरदाणी.

"गई?" मंगलाबाईने विचारलं.

"गई."

"कोना घर?"

"नाव नही सांगतस, माय."

मंगलाबाई फोनकडे पाहतच राहिली. "तिले हयद कोन लावी?" ती म्हणाली.

मग शीला रडली. चिमी उठेल म्हणून तोंडात पदर कोंबून रडली, आणि मंगलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"माय," शीला हुंदक्यांतून म्हणाली, "कशी व्हती वं ती? दिसाले?"

"माले काय ठाऊक, बेटा? मीन तिले कोठे देखी? मीन बी टाकच देखा."

दोन दिवसांनी मंगलाबाई गावी निघाली. दिनेश पिशवी घेऊन पुढे रिक्षा थांबवायला गेला. शीला चिमीला डाव्या कमरेवर घेऊन दारात आली. मागच्या खिडकीचा उजेड तिच्या पाठीवर होता.

मंगलाबाई पायऱ्या उतरली, काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून वळली, आणि बोलायचं विसरली. तिचा हात आपोआप गळ्याशी, त्या डागावर गेला.

"काय व्हयनं, माय?"

"काही नही. उजेडमा तुन्हं तोंड दिसत नही."

शीला पुढे यायला लागली.

"नको," मंगलाबाई म्हणाली. "तशीच उभी ऱ्हाय. जरासी."

रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. शीला तशीच उभी राहिली.