निवट्यांची रतन

“अजून किती वर्षं लागतात शास्त्रज्ञ व्हायला?” कमळाबाईंनी चहाची बशी खाली ठेवत विचारलं. त्या नवऱ्या मुलाच्या आत्या. कल्याणहून मंडळींना घेऊन रतनला बघायला आल्या होत्या.

ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या त्या घरात रतनएवढं कुणी शिकलं नव्हतं. बाप धाकू खाडीत होडी घालून मासे धरायचा, आई भागीरथी बाजारात म्हावरं विकायची. रतन एम.एस्सी. झाली, डोंबिवलीच्या कॉलेजात शिकवू लागली आणि ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून निवट्यांचा अभ्यास करू लागली. चिखलावर उड्या मारणारा हा मासा खातो काय, बिळात राहतो कसा, अंडी घालतो कुठे, यावर तिची पीएच.डी. चालली होती. पण कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं आणि निवटे कमी होत गेले. ही मंडळी आली त्या वर्षी तर बिळंच रिकामी मिळत होती. तिचे पीएच.डी.चे सर भला माणूस. काचेच्या टाकीतले मासे घे, लवकर सुटशील, म्हणाले. म्हणजे आजवरचं सगळं पाण्यात. रतनने त्यांना सांगितलं, मासा होता हे लिहायचं, तसं मासा गेला हेही लिहायचं. आधी कुठून गेला, का गेला, ते मी शोधते. सर हो म्हणाले.

कमळाबाईंचं म्हणणं साधं होतं. लग्नाआधी आटपायचं, नाहीतर सोडायचं. रतन तिशीला आली होती. भागीरथीने मागून तिला खूण केली, हो म्हण.

“कधी संपेल ते माझ्या हातात नाही,” रतन म्हणाली. “सोडणं माझ्या हातात आहे. ते मी करणार नाही.”

मंडळी उठून गेली. भागीरथीने लेकीशी बोलणं टाकलं. धाकू मात्र पुढच्या खेपेला ओहोटी लागायच्या आत होडी काढून तिची वाट बघत बसला. पायी जाता येत नव्हतं त्या पलीकडच्या काठालाही आता रतन पोचू लागली.

प्रबंध पुरा होईतो नव्वदचं दशक निम्मं सरलं. धाकूने होडी विकून टाकली होती. जाळ्यात प्लास्टिकखेरीज काही येईना. तोंडी परीक्षा देऊन रतन घरी आली, तेव्हा भागीरथी गुजरातहून बर्फात आलेली कोलंबी सोलत बसली होती.

“झालीस ना गो शास्त्रज्ञ?”

“झाले.”

“मंग आता म्हावरा येल का परत?”

परीक्षकांपुढे रतन कुठे अडखळली नव्हती. इथे ती आधी आईसमोर खाली बसली.

“नाय, आये. ते कारखान्यांचं पाणी बंद होईपर्यंत नाय.”

भागीरथीने हातातली कोलंबी सोलून संपवली. मग उद्याची ओहोटी कधी आहे ते विचारलं. सकाळीच आहे म्हटल्यावर, डबा लवकर करते, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रतन सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरली. होडी नसलेला धाकू काठापर्यंत सोबत आला होता. तिने काढलेल्या चपला त्याने उचलल्या आणि एका कोरड्या दगडावर नीट जोडून ठेवल्या.