मानेवरची रेघ

मान बघितली की केस कुणी कापलेत ते मी सांगतो. आमच्या सलूनसमोर तो परराज्यातला न्हावी दुकान थाटून बसल्यापासून मी रस्त्यात माणसांची तोंडं बघतच नाही, माना बघतो. त्याच्याकडची मान लगेच कळते: कानामागे गोल वळण, खाली दोन बारीक तिरक्या रेघा. आणि तेच मला खुपत होतं. ती रेघ माझ्या बाबांची! हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी वस्तरा धरला नव्हता, मला ती कधी जमली नाही. मग या परक्याला कशी आली?

"चोरलीय मेल्याने," मी शेजारच्या टेलरला म्हटलं.

"चार वर्षं बंद पडलेला गाळा उघडला त्याने," टेलर म्हणाला. "त्याच्याकडे येणारे लोक माझ्याकडे कपडे शिवतात. मला तर बरकत आली बाबा."

"तुझ्याकडे शिवतात आणि माझा खिसा कापतात!"

माझी दुसरी खुर्ची पंधरा दिवस रिकामी होती. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागणार होतं. त्यात बाबांचं काहीतरी वेगळंच चाललेलं. संध्याकाळी पाय मोकळे करायला जायचे आणि यायचे ते सदऱ्यावर केसांचे कण घेऊन. आमच्या दुकानातले म्हणावेत, तर तिथे मी त्यांना फिरकूच देत नव्हतो. तुम्ही आराम करा, म्हणायचो.

शेवटी डोकं फिरलं. सरळ जाऊन त्याच्या खुर्चीत बसलो. तो चपापला, मी कोण ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने वस्तऱ्याला नवं पातं लावलं. धंद्यातला वैरी, हातात वस्तरा, खाली माझी मान. कसली अवदसा आठवली मला!

पण हात हलका होता. शेवटी त्याने मानेवर अंगठ्याने थोपटलं आणि अडखळत, अगदी अदबीने म्हणाला, "झालं. पळ, सोन्या!"

बाकावरचं कुणी हसलं नाही. सगळ्यांना सवय झाली असावी. केस कापून झाले की असंच म्हणायचं असतं, अशी त्याची समजूत होती बिचाऱ्याची. मला लहानपणी खुर्चीवरून उतरवताना बाबा हेच म्हणायचे. मला खुर्चीतून उठवेना.

तेवढ्यात बाबाच दारात आले आणि मला बघून थबकले.

मी मान वाकवली. "बघा, तुमची रेघ जमलीय का त्याला."

त्यांचं थरथरतं बोट मानेवरून फिरलं.

"जमलीय," ते म्हणाले. "त्याने विचारलं रे. तू कधी विचारलंच नाहीस."